2 टनचा ट्रॉली जॅक आणि स्टँडची जोडी: घरी गाडी उचलणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

गेल्या चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी आमच्या गोव्यातल्या म्हापशाला जाऊन 2 टनचा हायड्रॉलिक ट्रॉली जॅक, 3 टनच्या स्टँडची जोडी आणि मधे खाच असलेला रबर पॅड असं सगळं एकदम घेतलं, तेव्हापासून घरीच वापरतोय. गावात आणि ऑफिसात बऱ्याच जणांनी विचारलं की कसा आहे, घेऊ का, म्हणून एकदाच नीट लिहितो. जॅक 3,200 ला पडला, स्टँडची जोडी 2,100, रबर पॅड 250. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण दुकानात चार खोकी उघडून बघितली तर आतला जॅक जवळजवळ एकच, रंग वेगळा स्टिकर वेगळा, त्यामुळे नावापेक्षा काय बघून घ्यायचं ते सांगितलेलं जास्त उपयोगी पडेल.

आधीच सांगतो, जॅक पैशाच्या मानाने ठीक आहे, स्टँड पैशापेक्षा चांगले आहेत, आणि यातलं एकच घ्यायचा विचार असेल तर घेऊच नका. जॅक एकटा घेऊन गाडीखाली जाणार असाल तर त्यापेक्षा गॅरेजला पैसे द्या. हे मी फार गंभीरपणे लिहितोय कारण आपल्याकडे अंगणात गाडी जॅकवर आणि माणूस खाली हे दृश्य दर रविवारी कुठे ना कुठे दिसतं.

जॅकचं काम उचलायचं, धरून ठेवायचं काम स्टँडचं. हायड्रॉलिक जॅकमध्ये गाडी कशावर उभी असते तर आतल्या तेलावर, आणि ते तेल अडवून धरतात दोन-तीन रबरी सील आणि एक छोटीशी गोळी असलेला व्हॉल्व. सील कापलं गेलं किंवा गोळीखाली कचऱ्याचा एक कण अडकला की तेल परत टाकीत जायला लागतं आणि गाडी खाली. नवीन जॅकमध्येही हे थोडं थोडं होतंच. मी मुद्दाम बघितलं, पुढची बाजू उचलून खाली स्टँड लावले, सिल (म्हणजे दरवाज्याखालची बॉडीची कड, जॅकमधलं रबरी सील वेगळं) आणि स्टँडच्या मधे बोटभर फट ठेवली आणि रात्रभर तसंच सोडलं. सकाळी सिल स्टँडवर टेकलेली होती. जॅकला बाहेरून काहीच झालेलं नव्हतं, तेलाचा थेंब नाही, हँडल जागच्या जागी. म्हणजे जॅक खराब आहे असं नाही, या प्रकारच्या वस्तूचा स्वभावच तो आहे, पण त्या बोटभर फटीच्या जागी माणसाची छाती असती तर काय हे ज्याने त्याने समजून घ्यावं.

आता जॅकबद्दल. वजन आठ-नऊ किलो, डिक्कीत राहतो, घरातल्या कोणालाही उचलता येतो. खोक्यावर उंची लिहिलीय कमीत कमी 135 मिमी आणि जास्तीत जास्त 330, मी टेपने मोजली तर एक-दोन मिमी इकडेतिकडे, बरोबर आहे. पंप मारायला हलका, माझ्या मुलीने सुद्धा मारला. हँडल दोन तुकड्यांचं आहे, जोडावर थोडं खेळतं, ते मला आवडलं नाही, कारण खाली उतरवताना हेच हँडल पिळून व्हॉल्व सोडायचा असतो आणि तिथे खेळ असला की हाताला अंदाज येत नाही. व्हॉल्व अगदी हळू, पाव वळसा नाही तर त्याहून कमी, असा सोडायचा, गाडी उसासा टाकल्यासारखी हळूहळू बसली पाहिजे. एकदम सोडला तर धपकन येते. वरची लोखंडी वाटी नुसतीच आहे, रबर नाही, म्हणून तो 250 चा पॅड घेतला, त्याबद्दल पुढे.

सगळ्यात मोठी अडचण उंचीची, आणि ही गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. माझी गाडी छोटी हॅचबॅक, वजन 900 किलोच्या आसपास, त्यामुळे 2 टन भरपूर झाले, पण टन बघून जॅक घेणं अर्धवट आहे, उंची बघायला पाहिजे. गाडी उचलायला लागलात की आधी नुसती स्प्रिंग मोकळी होते, चाक जमिनीवरच राहतं आणि बॉडी तेवढी वर येते, बऱ्यापैकी उचलल्यावर मग चाक सुटतं. हॅचबॅकला 330 मध्ये चाक सुटतं आणि स्टँड सगळ्यात खालच्या खाचेवर कसाबसा बसतो. पण ब्रेझा, क्रेटा असली उंच गाडी असेल तर सिलच मुळात वर, हा जॅक पूर्ण उघडला तरी चाक जमिनीला चिकटलेलं. मग लोक काय करतात, जॅकखाली चिरा (जांभ्या दगडाचा ठोकळा) ठेवतात नाही तर वाटीवर लाकडाचे तुकडे एकावर एक रचतात. असं काही करायचं नाही. उंच गाडीवाल्यांनी सरळ 3 टनचा, 450 मिमीच्या वर जाणारा मोठा जॅक बघा, तो वजनाला तिपटीच्या आसपास आणि किमतीलाही दुपटीच्या वर जातो पण दुसरा इलाज नाही. घ्यायच्या आधी घरी गाडीच्या सिलची जमिनीपासूनची उंची टेपने मोजून कागदावर लिहून न्या, आणि स्टँडची कमीत कमी उंची किती तेही बघा, नाही तर जॅक जेवढं उचलतो त्याहून स्टँड उंच अशी जोडी गळ्यात पडते.

आता चिऱ्यांचं. आपल्याकडे प्रत्येक घराच्या मागे चार-सहा चिरे पडलेले असतातच, कंपाउंड बांधताना उरलेले, आणि गाडी उचलली की पहिला हात तिकडेच जातो, चाकाखाली चिरा, सिलखाली चिरा, जॅकखाली चिरा. चाकाला अडवायला चिरा ठेवला तर एक वेळ चालेल. पण गाडीचा भार चिऱ्यावर देऊ नका हो. चिरा भिंतीत चांगला का टिकतो तर भार पूर्ण तोंडावर पसरलेला असतो, वर चिरा खाली चिरा. गाडीची सिल म्हणजे पत्र्याची पातळ धार, तिचा भार एका रेषेवर येतो, आणि चिरा तर भोकाभोकांचा दगड, पावसात पाणी पिऊन आणखी नरम झालेला. तुकडा उडतो नाही तर सरळ दुभंगतो, आणि दुभंगायच्या आधी काही सूचना देत नाही. आमच्या वाड्यावर एकाची गाडी अशीच खाली आली, चाक काढलेलं होतं, डिस्क थेट जमिनीवर, मडगार्ड चेपलं. माणूस त्या वेळी पाणी प्यायला आत गेला होता म्हणून वाचला. सिमेंटचे पोकळ ब्लॉक तर याहून वाईट, ते चुरा होऊनच खाली बसतात.

जमीन कशी आहे यावर सगळं काम अवलंबून. आमच्याकडे अंगणाला उतार असतोच, पावसाचं पाणी जायला मुद्दाम ठेवलेला, डोळ्याला दिसत नाही पण गाडीला कळतो. न्यूट्रलला टाकून हँडब्रेक सोडून बघा, गाडी जराही सरकली तर ती जागा बाद. सारवलेल्या किंवा तांबड्या मातीच्या अंगणात जॅकची छोटी लोखंडी चाकं रुततात. आणि ती चाकं फक्त जॅक ओढत न्यायला दिलेली नाहीत हे लक्षात घ्या, ट्रॉली जॅकचा हात कमानीत वर जातो, त्यामुळे गाडी वर जाताना जॅक स्वतः थोडा गाडीखाली सरकायला पाहिजे. चाकं मातीत रुतली की जॅक सरकत नाही, मग वाटी सिलवरून घसरायला लागते. पेव्हर ब्लॉक असतील तर एखादा ब्लॉक खचतो. पोर्चमध्ये टाइल्स असतील तर टाइल फुटेल आणि वर ओली असेल तर जॅक घसरेल. मी 18 मिमीच्या मरीन प्लायचे तुकडे कापून घेतलेत, एक मोठा जॅकसाठी ज्याच्यावर तो आरामात पुढेमागे फिरेल, दोन छोटे स्टँडसाठी. जॅक आणि प्लायच्या मधे वाळू-खडी राहता कामा नये, झाडूने साफ करून मगच. पावसात भिजलेल्या अंगणात मी काम करत नाही, सांगायची गोष्ट एवढीच की आपल्याकडे वर्षाला साधारण 3000 मिमी पाऊस पडतो, जून ते सप्टेंबर माती वरून सुकलेली दिसली तरी खाली नरमच असते.

हँडब्रेक आणि गिअरचा भाग नीट वाचा, कारण इथे अनुभवी लोकांचाही घोळ होतो. बहुतेक गाड्यांना हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. आपल्या छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, म्हणजे गिअरमध्ये टाकली की फक्त पुढची चाकं अडतात. आता मागची बाजू उचलली तर हँडब्रेक हवेत, त्याचा काही उपयोग नाही, गाडी धरलीय फक्त गिअरने, म्हणून पहिला गिअर पाहिजेच आणि पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे पाहिजेत. पुढची बाजू उचलली तर उलट, गिअर हवेत आणि हँडब्रेक जमिनीवर. आणि पुढचं एकच चाक उचललं, दुसरं जमिनीवर आहे, तरी गिअर धरत नाही, कारण डिफरेन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरची जुळणी) हवेतलं चाक उलटं फिरून जमिनीवरच्या चाकाला मोकळं करतं. ऑटोमॅटिकला पी (पार्क) मध्ये टाकली तरी हीच गोष्ट, पी म्हणजे जादू नाही. तेव्हा ठोकळे. मी सुताराकडून सागाच्या तुकड्याचे तिरके कापून घेतले, चार नग, रबरी विकत मिळतात तेही चांगले. गोल दगड लावू नका, चाक चढून जातं.

व्हील नट आधी जमिनीवर असतानाच अर्धा वळसा ढिले करून घ्यायचे. गाडी वर असताना पान्यावर उभं राहून जोर मारणारे लोक मी बघितलेत, त्या धक्क्याने गाडी जॅकवरून उतरते. बसवताना पण तेच, वर असताना हाताने, समोरासमोरचे नट आलटून पालटून लावून घ्यायचे आणि शेवटचं आवळणं जमिनीवर. किती आवळायचं ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) असेल तर उत्तम.

जॅक लावायचा कुठे. दरवाज्याखाली सिलला आत दुमडलेली पत्र्याची उभी पट्टी असते, तिच्यावर पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे अशा दोन-दोन खाचा मारलेल्या असतात, त्या दोन खाचांच्या मधली जागा मजबूत केलेली असते. गाडीसोबत आलेला कैचीचा जॅक तिथेच बसतो. ट्रॉली जॅकची लोखंडी वाटी त्या पट्टीवर तशीच लावली तर पट्टी वाकते, रंग उडतो, आणि रंग उडाला की आपल्या हवेत गंज यायला एक पावसाळा पुरे. म्हणून तो खाचवाला रबर पॅड, पट्टी खाचेत जाते आणि भार दोन्ही बाजूच्या सपाट भागावर येतो. या सगळ्या खरेदीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात समाधान देणारी वस्तू हीच. फक्त रबर सूर्यप्रकाशात तडकतं, प्रत्येक वेळी पिळून बघा, तडा दिसला की फेकून द्या.

पण जॅक खाचेखाली असेल तर स्टँड कुठे लावणार? हा प्रश्न प्रत्येकाला पहिल्याच दिवशी पडतो. त्याचं उत्तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, बऱ्याच गाड्यांना गॅरेजच्या जॅकसाठी पुढे मधोमध क्रॉस मेंबरखाली (गाडीच्या तळाचा आडवा मजबूत पट्टा) वेगळी जागा दाखवलेली असते, तिथे जॅक लावून दोन्ही बाजू एकदम उचलायच्या आणि दोन्हीकडच्या खाचांखाली स्टँड लावायचे. छोट्या जॅकचा त्रास असा की तो आखूड आहे, बंपरखालून मधपर्यंत पोचतच नाही, पोचला तरी हँडल खाली मारायला जागा उरत नाही. मी पुढची दोन्ही चाकं आधी जाड रुंद फळीवर चढवून घेतो, तेवढ्याने जागा मिळते. तुमच्या गाडीला ही जागा कुठे आहे ते अंदाजाने ठरवू नका. अंदाजाने लावणाऱ्यांचे जॅक इंजिनच्या चेंबरखाली (तळाची ऑइलची टाकी), गिअरबॉक्सखाली, रेडिएटरच्या पट्टीखाली लागलेले असतात, आणि चेंबर फुटला की काय खर्च येतो ते कोणत्याही मेकॅनिकला विचारा. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी तर दुप्पट जपायचं, खाली पूर्ण बॅटरीचा पत्रा पसरलेला असतो, कंपनीने दाखवलेल्या सिलच्या जागा सोडून कुठेही जॅक टेकवायचा नाही.

गंजाबद्दल थोडं जास्त लिहितो कारण हे आपल्या भागाचं दुखणं. किनाऱ्याकडच्यांना खारी हवा, आमच्या डिचोली-साखळीकडच्यांना तांबडी माती. सिलच्या तळाला पाणी निघून जायला छोटी भोकं असतात. पावसाळाभर चाकाने उडवलेली माती तिथे जाऊन बसते, सुकते, भोक बंद, आत पाणी साचून राहतं आणि सिल आतून खायला लागते. बाहेरून रंग चकाचक. उचलायच्या आधी खाचांच्या आसपास स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, घट्ट पत्र्याचा आवाज टणक येतो, खाल्लेल्या पत्र्याचा बदबद येतो आणि तांबूस पापुद्रे गळतात. असं काही दिसलं तर त्या जागी जॅक लावायचाच नाही, आधी पत्रेवाल्याकडे. आणि अंडरकोटिंग केलंय म्हणून निर्धास्त राहू नका, माझ्या गाडीला एका ठिकाणी कोटिंग करून घेतलं होतं, त्यांनी ती भोकं न साफ करता मातीसकट वरून काळा थर मारला होता, जॅक घरी आल्यावर खाली बघितलं तेव्हा हे सापडलं. तारेने सगळी भोकं मोकळी केली, दोन भोकांतून पाऊस थांबून बरेच दिवस झाले होते तरी पाणी आलं. एवढ्या एका कामातच मला हा सेट वसूल झाला असं मी म्हणेन.

आता स्टँड, गॅरेजवाले घोडी म्हणतात ते. बाजारात दोन प्रकार, एक दातेवाला ज्याचा दांडा वर ओढला की टक टक टक करत खटका दात्यात अडकत जातो, दुसरा भोकवाला ज्यात आरपार पिन घालायची. भोकवाला दिसायला साधा पण पिन आरपार गेली की नाही हे डोळ्याने दिसतं, म्हणून तो मला आवडतो. मला मिळाले ते दातेवालेच, पण खटक्याशिवाय वेगळी सेफ्टी पिन घालायची सोय असलेले, आणि या पिनसाठीच मी 400-500 रुपये जास्त दिले. हे का तर 2020 साली अमेरिकेत हार्बर फ्रेट या टूल विकणाऱ्या मोठ्या कंपनीला आपले पिट्सबर्ग ब्रँडचे 3 टन आणि 6 टनचे दातेवाले स्टँड परत मागवावे लागले होते, दहा लाखांच्या वर नग. कारखान्यातली साधनं झिजल्यामुळे काही स्टँडमध्ये खटका दात्यात पुरेसा बसत नव्हता आणि भार असताना धक्का लागला तर स्टँड खाली बसू शकत होता. पुढे बदलून दिलेल्या 3 टनच्या काही स्टँडमध्ये वेल्डिंगचा दोष निघाला आणि तेही परत मागवले. एवढ्या मोठ्या बाजारात असं होऊ शकतं तर आपल्याकडे खोक्यावर 3 टन छापलंय एवढ्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही.

म्हणून दुकानातच बघायचं. माझ्या जोडीत पायांची वेल्डिंग चारही बाजूंनी सलग आहे, टाके मारून सोडलेली नाही. दाते कापलेले सरळ आणि धारदार, खटका टाकला की पूर्ण दात्याच्या तळाशी जातो, टॉर्च मारून बघितला. सपाट फरशीवर ठेवून डुगडुगतो का बघितलं, एक जोडी डुगडुगली ती परत केली, दुसरी घेतली. आणि 3 टन म्हणजे एकेकाचे की जोडीचे, हे स्टिकर वाचून घ्या, बऱ्याच ठिकाणी तो आकडा जोडीचा असतो. काळा रंग मात्र अगदी पातळ, पहिल्या वापरातच वरच्या टोकाचा निघाला, मी रेड ऑक्साइड मारून टाकला.

लावताना दोन्ही स्टँड सारख्याच उंचीच्या दात्यावर पाहिजेत, खटका खाली दाबून, पिन घालून, मग गाडी हळूहळू त्यांच्यावर सोडायची. पूर्ण भार आला की जॅक काढायचा नाही, नुसता टेकेल इतपत परत वर आणून तसाच ठेवायचा. काढलेलं चाक आडवं करून सिलखाली सरकवायचं, सगळं फसलं तरी गाडी चाकावर बसेल आणि मधे जागा राहील. आणि आत जायच्या आधी गाडीला हलवायचं. हे लोक करत नाहीत, घाबरतात की पडेल. अहो पडायची असेल तर तेव्हाच पडू दे ना, तुम्ही बाहेर असताना. बॉनेटच्या कोपऱ्याला दोन्ही हात लावून आडवं-उभं चांगलं ढकला, स्टँडच्या पायाकडे बघत. माझे स्टँड यात एकदम घट्ट निघाले, गाडी स्प्रिंगवर डोलली पण स्टँडचा पाय प्लायवर जरा सुद्धा सरकला नाही. स्टँडला मी पाचपैकी पाच स्टार देतो ते यासाठी. घरात कोणी नसताना मी खाली जात नाही, फोन शर्टच्या खिशात, आणि पोरं-कुत्री अंगणाबाहेर. गाडीत कोणी बसलेलं असताना उचलायची नाही, आमच्याकडे आजीला गाडीत बसून गाणी ऐकायला आवडतं, तिला आधी उतरवतो.

या सेटवर घरी काय काय होतं असं विचाराल तर चाकं अदलाबदल, ब्रेक पॅड किती उरलेत बघणं, एक्सलचे रबरी बूट फाटलेत का, मडगार्डच्या आतली माती धुणं, सिलची भोकं, इंजिन ऑइल बदलणं. सस्पेंशनचे बुश, गिअरबॉक्स उतरवणं वगैरे गॅरेजमध्येच द्या, तिथे लिफ्ट असते.

जॅकची निगा सांगतो कारण आपल्या दमट हवेत हा जॅक दोन पावसाळ्यात संपतो असं बरेच जण सांगतात. काम झालं की पूर्ण खाली करून ठेवायचा, म्हणजे आतला चकचकीत दांडा तेलात राहतो, उघडा ठेवलात तर त्याच्यावर गंजाचे ठिपके येतात आणि तेच ठिपके सील कापतात. पंप मारताना स्पंजसारखा दबला, उचलायला वेळ लावायला लागला तर आत हवा गेलीय, व्हॉल्व सोडून काही वेळा रिकामा पंप मारा, मग बंद करून बघा, बहुतेक वेळा सुधारतो. तेल कमी झालं तर जॅकचं हायड्रॉलिक ऑइलच घाला. ब्रेक ऑइल घालू नका, घरी बाटली पडलेली असते म्हणून लोक घालतात, ते तेल वेगळ्या जातीचं, जॅकचे सील त्यात फुगून खराब होतात. सांध्यांना ग्रीस, चाकांना दोन थेंब तेल.

आणि हा सेट घरी आला म्हणून गाडीतला कैचीचा जॅक काढून ठेवू नका. चोर्ला घाटात नाही तर अनमोडला पंक्चर झालं तर तोच उपयोगी, फक्त चाक बदलण्यापुरता, त्याच्या भरवशावर गाडीखाली हात सुद्धा घालायचा नाही. घाटात वळणावर किंवा उतारावर थांबू नका, टायर गेला तर गेला, रिम घासत का होईना हळूहळू सपाट जागेपर्यंत न्या. डिक्कीत दोन लाकडी ठोकळे आणि प्लायचा एक चौकोन ठेवलात तर तिथेही सोपं पडतं.

दुकानाबद्दल शेवटी. म्हापशाला बाजाराच्या बाजूच्या रस्त्यांवर हार्डवेअर आणि टूल्सची बरीच दुकानं आहेत, ऑनलाइन यापेक्षा 200-300 स्वस्त दिसलं होतं, पण इथे खोकं उघडून, फरशीवर ठेवून, खटका बघून घेता आला आणि डुगडुगणारी जोडी जागच्या जागी बदलून मिळाली, काउंटरवरचा माणूस म्हणाला "भाई, सगळे उघडून बघा, घरी जाऊन परत येण्यापेक्षा इथेच बघा", असा दुकानदार भेटला तर 200-300 जास्त दिलेले परवडतात. सील किट मिळेल का हेही तिथेच विचारून घ्या, माझ्या जॅकचं मिळतं म्हणाले, एका खोक्याचं मिळत नाही म्हणून स्पष्ट सांगितलं, तो घेतला नाही. फक्त शुक्रवारी जाऊ नका, बाजाराच्या गर्दीत पार्किंग मिळत नाही आणि दुकानदाराला बोलायला वेळ नसतो, मधल्या वारी दुपारच्या आधी गेलात तर निवांत बघता येईल.